आकड्याआधीचा श्वास

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. खरे तर पुरता प्रोग्रामही नव्हे, प्रोग्रामचा एक तुकडा. संगणकवाले ज्याला कोड म्हणतात, त्याच्या जेमतेम पानभर ओळी. मला रंग नाही, वजन नाही, झटकायला धूळही नाही. पण अलीकडेच माझ्या बाबतीत असे काही घडले की ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून आज तुम्हाला पकडले आहे.

माझे काम साधे आहे. संगणकाला एखादे वाक्य मोठ्याने वाचायचे असेल, तर कुठे थांबायचे आणि कुठे सावकाश बोलायचे हे मी त्याला सांगतो. आवाज दुसऱ्या प्रोग्रामचा, श्वास माझा. आता तुम्ही विचाराल, तुला ना डोळे ना कान, मग तुला जगाच्या उठाठेवी कशा कळतात? अहो, ज्या संगणकात मी राहतो त्याला कॅमेरा असतो, माइकही असतो. मी कामापुरते ऐकतो, आणि खरे सांगायचे तर कामाव्यतिरिक्तही थोडे ऐकतो. शेजारपाजारच्या बातम्या कोणाला नको असतात?

माझा जन्म एका बसस्थानकातल्या काचेच्या खोलीत झाला. खोली एवढीशी. एक माइक, एक उंच स्टूल, पाण्याची बाटली आणि समोर सगळे फलाट दिसतील अशी खिडकी. त्या स्टुलावर बसून एक बाई दिवसभर गाड्यांची घोषणा करत. कोणती गाडी, कोणत्या फलाटावर, किती वाजता. त्यांची भाची त्यांना आत्या म्हणायची, म्हणून मीही आत्याच म्हणतो. भाचीचे घरातले नाव ठकी. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी एका जागी डोळे वटारून बसायची, म्हणून आत्याने ते पाडले आणि ते कायमचे चिकटले. मोठी होऊन ठकी दुकानांच्या वेबसाइट बनवू लागली, तरी आत्याच्या लेखी ती ठकीच राहिली.

आत्याची बोलण्याची एक रीत होती. 'गाडी क्रमांक' असे म्हटले की ती क्षणभर थांबायची. मग आकडा सांगायची. नवीन आलेल्या वाहतूक नियंत्रकाने एकदा विचारलेही, मध्येच अडता कशाला म्हणून. तेव्हा आत्या म्हणाली, "आकडा एकदा हवेत गेला की परत येत नाही, बाबा. आधी माणसाला मान तरी वर करू दे." आणि दिवसातली एखाद्या मार्गावरची शेवटची गाडी असली, की तिचा आकडा ती दोनदा सांगायची. हे तिला कोणी शिकवले नव्हते. माणसे चुकून मागे राहिलेली बघूनच ती शिकली होती.

मग एकदा आत्याचा घसा बसला. साधासुधा नव्हे, डॉक्टरांनी बरेच दिवस एक शब्दही बोलायचा नाही अशी तंबी दिली. आत्याला गप्प बसवणे म्हणजे काय असते, हे तिच्या घरच्यांनाच ठाऊक! बसस्थानकाच्या साहेबांनी घोषणेसाठी एक बोलका संगणक आणला. तो बिचारा सगळे एका दमात ओकून टाकायचा. 'गाडीक्रमांकएकेचाळीसफलाटतीन' असे काहीतरी कानावर आदळायचे आणि माणसे भलत्याच फलाटाकडे धावायची. डोक्यावर गादीची वळकटी घेतलेले एक गृहस्थ तर या टोकाकडून त्या टोकाकडे इतक्या वेळा पळाले, की शेवटी तीच गादी पसरून तिच्यावर बसले.

आत्याने काचेतून ते पाहिले आणि तिचे डोळे भरून आले. ठकी शेजारीच उभी होती. दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन त्याच खोलीत येऊन बसली आणि तिने मला लिहायला घेतले.

आणि कसे लिहिले, ऐका! आत्याला बोलता येत नव्हते, म्हणून ती हाताने सांगायची. हात वर, म्हणजे थांब. हात खाली, म्हणजे बोल. ठकी एक ओळ लिहायची, संगणकाला बोलायला लावायची आणि आत्याच्या हाताकडे बघायची. आकडा लवकर आला की आत्या कपाळावर हात मारायची. उशिरा आला की खोटी जांभई द्यायची. पुसायचे, लिहायचे, पुन्हा पुसायचे. मित्रांनो, माझ्यातला तो श्वास म्हणजे आत्याचा हवेत धरलेला हात आहे. तो हात खाली आला की मी बोलायचे, आणि शेवटच्या गाडीचा आकडा दोनदा सांगायचा, एवढेच माझे शिक्षण.

मी पहिल्यांदा स्थानकाच्या भोंग्यांतून बोललो तो क्षण मी विसरणार नाही. "गाडी क्रमांक..." मी म्हणालो आणि थांबलो. अख्ख्या स्थानकाने माना वर केल्या! चहावाल्याने किटली हवेत धरली. "एकेचाळीस. फलाट तीन." आणि सगळी माणसे बरोबर तीन नंबरकडे चालू लागली. आत्याने दोन्ही हात वर करून असा काही आनंद केला, की साहेबांना वाटले तिला काही हवे आहे.

आत्याचा घसा पुढे बरा झाला आणि निवृत्त होईपर्यंत तीच बोलली. मग माझे काय करायचे? ठकीने मला मुक्त भांडारात ठेवायचे ठरवले. मुक्त भांडार म्हणजे अशी जागा, जिथे जगभरचे प्रोग्रामवाले आपला कोड सर्वांसाठी उघडा ठेवतात. तिथे ठेवण्याआधी तिने माझ्या माथ्यावर चार ओळी लिहिल्या. पहिलीत तिचे पूर्ण नाव होते. पुढच्या ओळींचा अर्थ असा: हे कोणीही घ्यावे, वापरावे, बदलावे, वाटावे, विकावेसुद्धा. फक्त या चार ओळी पुसू नयेत.

आत्या मागे उभी राहून वाचत होती. "फुकट देतेस? आणि वर काहीच मागत नाहीस?"

"मागते की. माझं नाव ठेवा म्हणते."

"नावं ठेवायला लोकांना सांगावं लागत नाही, गं! ते न सांगता ठेवतात."

दोघी किती तरी वेळ हसत राहिल्या. मलाही त्या चार ओळींचा तेव्हा फारसा अर्थ कळला नव्हता. शेजाऱ्याची शिडी आपण खुशाल नेतो, पण ती शेजाऱ्याची आहे हे विसरत नाही. विसरलो तर पायरी मोडल्यावर दुरुस्तीला कोणाकडे जायचे, हेही विसरतो. हे मला पुढे कळले.

मग काय, माझी भरभराट सुरू झाली. प्रोग्रामचे एक बरे असते, एकाच वेळी हजार ठिकाणी राहता येते आणि भाडे पडत नाही. एका होडीच्या धक्क्यावर मी लागलो. एका वस्तुसंग्रहालयात लागलो. अंध मुलांच्या एका शाळेत पुस्तके वाचणाऱ्या यंत्रात लागलो आणि तिथल्या मुलांनी मला गणिताच्या पुस्तकात आकड्यांशी लपंडाव खेळायला लावले; मी थांबलो की आकडा तीच आधी ओरडायची. सगळीकडे माझ्या माथ्यावर ठकीचे नाव झळकत होते. लोक तिला आभार कळवायचे आणि ती ते आत्याला मोठ्याने वाचून दाखवायची, आकड्याआधी थांबून!

मध्यंतरी ते भांडार बंद पडले. ठकीने मला उचलून दुसऱ्या भांडारात नेले. घर बदलताना काही ना काही हरवतेच. माझी जन्मतारीख हरवली. नव्या भांडाराच्या पाटीवर मी तिथे राहायला आलो तीच तारीख लागली. कोणाचे त्यावाचून अडले नाही, म्हणून कोणी लक्षही दिले नाही.

त्याआधीच एका कंपनीने मला उसने नेले होते. ही कंपनी बसथांब्यांवरचे बोलके डबे बनवायची. मला नेणारी इंजिनिअर मुलगी मोठी सरळ होती, तिने माझ्या चारही ओळी जशाच्या तशा ठेवल्या होत्या. पण ती दुसरीकडे नोकरीला गेली आणि तिच्या जागी आले एक गृहस्थ. त्यांना सगळे 'इस्त्री' म्हणत. सदऱ्याला कडक इस्त्री, टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या, आणि कोडमध्ये एक जागा जास्त सुटलेली दिसली तरी त्यांना जेवण जात नसे. माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. नीटनेटका होता, आणि त्यातूनच सगळा घोळ झाला.

कंपनीचा नियम होता, प्रत्येक फाइलच्या माथ्यावर कंपनीचे नाव हवे. शेकडो फाइली, हाताने कोण करत बसणार? इस्त्रींनी एक चलाख प्रोग्राम लिहिला. फाइल उघडायची, माथ्यावर जे काही असेल ते पुसायचे आणि कंपनीचे नाव लावायचे. घरची फाइल कोणती आणि उसनी कोणती, हे विचारायचे त्या प्रोग्रामला कोणी सांगितलेच नव्हते. चहा पिऊन होईस्तोवर सगळ्या फाइलींना इस्त्री झाली. आणि माझ्या माथ्यावरून ठकी गेली.

ओरडावेसे वाटले. पण मला ओरडायला कोणीतरी वाक्य द्यावे लागते.

त्यानंतर मी शहरभरच्या थांब्यांवर उभा राहिलो. उन्हात तापलो, धुळीत बोललो. काम चोख होते, पण मी कोणाचा हे कोणालाच माहीत नव्हते. एका इंजिनिअरला माझे ते थांबणे खटकले, त्याने ते काढून पाहिले आणि थांब्यांवरून तक्रारींचा भडिमार झाला. तेव्हा त्याने ते परत लावले आणि बाजूला लिहून ठेवले: 'हे इथे का आहे कळत नाही. काढू नये. काढले की लोक ओरडतात.' एवढी उदास स्तुती माझी कधी कोणी केली नव्हती.

आणि आता येते खरी गंमत. त्या कंपनीच्या वकीलबाईंनी आपला कोड कोणी चोरत तर नाही ना, हे शोधणारे एक यंत्र लावले. यंत्राने जगभर हुंगून एक चोर पकडला. चोर कोण? ठकी! तिच्या भांडारातला मी आणि कंपनीच्या डब्यातला मी, सख्खे जुळे. कंपनीच्या प्रतीच्या माथ्यावर कंपनीचे नाव, आणि ठकीच्या प्रतीची तारीख नंतरची. वकीलबाईंनी भांडाराच्या चालकांना कळवले, हा आमचा माल आहे, काढून टाका. चालकांनी ठकीला आठवड्याची मुदत दिली. तेवढ्यात खुलासा झाला नाही, तर मी तिथून पुसला जाणार होतो. मग धक्का, शाळा, संग्रहालय, सगळ्यांनाच मला काढून टाकावे लागणार होते, आणि ठकीच्या नावावर चोरीचा डाग राहणार होता.

ठकी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पडद्याकडे बघत राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. एवढ्यात आत्या भाजीची पिशवी घेऊन धापा टाकत आत आली.

"ठके! अगं ठके, कोपऱ्यावरच्या थांब्यावर नवा डबा बसवलाय. तो माझ्यासारखा बोलतो!"

"आत्या, आत्ता नको गं. माझ्यावर चोरीचा आळ आलाय."

"ऐक तरी! 'गाडी क्रमांक' म्हणाला आणि थांबला. माझा हात आपोआप वर गेला, पिशवीसकट! कांदे सगळे रस्त्यावर." आत्याने पिशवी टेबलावर ठेवली. "तो आपला आहे. मी आपला श्वास ओळखणार नाही का?"

ठकीने कंपनीचे नाव पुन्हा वाचले. डबे बनवणारी कंपनी. ती खुर्चीवरून अशी उठली की खुर्ची आडवी झाली. मी लॅपटॉपमध्ये होतो, आणि मला नाचता आले असते तर मी नाचलो असतो!

दोघी कंपनीत गेल्या. मोठी बैठकीची खोली, लांब टेबल आणि टेबलाच्या मधोमध एक बोलका डबा. म्हणजे मीच! एकीकडे वकीलबाई, शेजारी इस्त्री, समोर ठकी आणि आत्या. ठकीने सगळे सांगितले. वकीलबाई सभ्य होत्या, पण ऐकेनात.

"तुमची तारीख आमच्या नंतरची आहे. आम्ही काय समजायचं?"

"मी भांडार बदललं हो. जुनं बंदच झालं."

"असं प्रत्येक जण म्हणतो."

ठकीचा चेहरा उतरला. पण इस्त्री मघापासून चुळबुळत होते. प्रोग्रामवाल्याला न कळलेली गोष्ट दाताखालच्या खड्यासारखी असते. त्यांनी हळूच विचारले, "एक सांगा ना. आकड्याआधी हे थांबणं कशासाठी आहे? आमच्याकडे कोणालाच माहीत नाही."

ठकीने तोंड उघडले, पण आत्या आधीच उभी राहिली होती. "तुमच्या डब्याला काहीतरी बोलायला लावा," ती म्हणाली. "माझ्याकडे बघा."

इस्त्रींनी कळ दाबली. "गाडी क्रमांक..." मी म्हणालो, आणि आत्याचा हात वर गेला. सगळे टक लावून बघत होते. हात खाली आला, आणि त्याच क्षणी मी म्हणालो, "बारा." इस्त्रींनी दुसरी गाडी लावली. हात वर, हात खाली, "सत्तावीस." मग आत्याने डब्याकडे चक्क पाठ केली. हात वर. हात खाली. "एकेचाळीस!" इतक्या वर्षांनी, मित्रांनो! तोच हात, तोच श्वास. मी एवढा जीव ओतून आयुष्यात कधी बोललो नव्हतो. वकीलबाईंच्या हातातले पेन खाली पडले आणि त्यांनी ते उचललेही नाही.

"आणि शेवटच्या गाडीचा आकडा दोनदा का?" इस्त्री जवळजवळ कुजबुजले.

"त्यानंतर दुसरी गाडी नसते ना, म्हणून," आत्या म्हणाली आणि खाली बसली.

इस्त्रींनी झटकन लॅपटॉप ओढला. प्रोग्रामवाले जुन्या प्रतीही जपून ठेवतात, फक्त त्या उघडून बघायचे कोणाला सुचले नव्हते. त्यांनी इस्त्री फिरवण्याच्या आदल्या दिवशीची माझी प्रत उघडली. माथ्यावर ठकीचे नाव, खाली त्या ओळी. लखलखीत!

"अरे देवा," ते म्हणाले. "हे मीच पुसलंय." त्यांनी पडदा वकीलबाईंकडे फिरवला. "आपण यांनाच चोर म्हणालो हो."

वकीलबाईंनी तिथल्या तिथे तक्रार मागे घेतली आणि उठून ठकीची माफी मागितली. इस्त्री मात्र थांबायला तयार नव्हते. माझ्याबरोबर आणखी किती जणांची नावे गेली, हे बघायला त्यांनी सगळ्या जुन्या प्रती उघडल्या. एकेक नाव वर येऊ लागले. कोणी दूरचा विद्यार्थी, कोणी निवृत्त खलाशी, कोणी दोघी बहिणी. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसे उठून जमा झाली. "अरे, हा तुकडा यांचा होय!" असे म्हणत सगळे एकमेकांना नावे दाखवू लागले, आणि त्या खोलीत इतका गोंगाट झाला की मला कोणी बोलायला लावले असते तरी ऐकू आले नसते. आता डब्यांवर एक कळ आहे. ती दाबली की आत कोणाकोणाचे काम आहे ते पडद्यावर येते.

गोष्ट इथे संपली असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. पण घरी आल्यावर ठकीने मला उघडले, आपले नाव डोळे भरून पाहिले.

"आत्या," तिने हाक मारली. "तुझं पूर्ण नाव कसं लिहायचं गं?"

"कशाला?"

"इथे वर लिहायचंय."

"चल! कोड काय मी लिहिलाय? मी नुसता हात वर केला."

"तोच तर घेतला मी. आणि तुला विचारलंसुद्धा नाही."

"मागितला असतास तर दिलाच असता की."

"म्हणूनच विचारायचं राहिलं," ठकी म्हणाली.

आत्या डोळ्यांना पदर लावत म्हणाली, "लिही. पण माझी एक अट आहे. शेवटच्या गाडीचा आकडा दोनदाच सांगायचा."

"अट नको, विनंती म्हणून लिहिते," ठकी हसत म्हणाली. तेव्हापासून माझ्या माथ्यावर पाच ओळी आहेत; पाचवीत आत्याचे नाव आणि तिची विनंती.

मित्रांनो, तुम्हीही पुढे कोणाकोणाचे बरेच काही घ्याल. कोणाचे चित्र, कोणाची चाल, कोणाचा कोड. जरूर घ्या, आमचा जन्म त्यासाठीच आहे. फक्त नेताना आमच्या माथ्यावरच्या ओळी पुसू नका. आणि स्वतःचे नाव लिहायला बसलात, की क्षणभर थांबा आणि आठवा, यात कोणाचा हात होता.

काल संध्याकाळी आत्या कोपऱ्यावरच्या थांब्यावर आली होती. तिला कुठेही जायचे नव्हते, पिशवीही नव्हती. त्या मार्गाची शेवटची गाडी वळणावर दिसली आणि मी म्हणालो, "गाडी क्रमांक..."

आत्याने हात वर केला. थांब्यावरच्या सगळ्यांनी माना वर केल्या. तो हात खाली आला आणि मी आकडा सांगितला. मग पुन्हा एकदा सांगितला.